निक्सन-हॉल्डमन टेप्स: कानापासून कागदापर्यंत

दिवाळी अंकांचे अनुवाद तपासायला माझ्याकडे येतात. वॉटरगेटवरचा, म्हणजे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष निक्सन यांना पद सोडायला लावणाऱ्या प्रकरणावरचा, एखादा लेख त्यात असतोच, आणि त्यातल्या चुकाही ठरलेल्या असतात. साडेअठरा मिनिटं पुसली गेलेली टेप आणि निक्सनना घरी पाठवणारी टेप एकच, असं धरलेलं असतं. पुसलेली टेप २० जून १९७२ ची आहे, घरी पाठवणारी २३ जूनची, आणि दोन्ही वेगळ्या ऑफिसातल्या. निक्सन बटण दाबून रेकॉर्डिंग सुरू करत, असंही लिहिलेलं असतं. ओव्हल ऑफिसातली यंत्रणा आवाज झाला की आपोआप सुरू होई. संवाद तर इतके घोटीव असतात, की दोन दमलेली माणसं बोलतायत असं वाटतच नाही.

बहुतेक जण गाजलेल्या वाक्यापासून सुरुवात करतात आणि टेपकडे नंतर जातात, गेले तर. खाली दिलेली रीत याच्या उलट आहे. राष्ट्राध्यक्ष रिचर्ड निक्सन आणि त्यांचे चीफ ऑफ स्टाफ एच. आर. हॉल्डमन १९७२ च्या फेरनिवडणुकीबद्दल, पेपरवाल्यांबद्दल आणि टीव्हीबद्दल जे बोलत, ते ऐकून मराठीत नीट कसं आणायचं, एवढाच इथला विषय. रेकॉर्डिंग फेब्रुवारी १९७१ ते जुलै १९७३ या काळातलं, सुमारे ३,७०० तासांचं. त्यातले सुमारे ३,००० तास खुले आहेत आणि कॅलिफोर्नियात योर्बा लिंडा इथल्या निक्सन लायब्ररीच्या संकेतस्थळावर फुकट ऐकता येतात.

## १. आधी तारीख, मग वाक्य

एका कागदावर त्या दोन वर्षांची तारीखवार पट्टी करा. माझ्या पट्टीवर एवढंच आहे:

- १९७१ ची सुरुवात: डेमोक्रॅट मस्की पाहण्यांमध्ये जोरात
- २१ ते २८ फेब्रुवारी १९७२: चीनचा दौरा
- १५ मे: डेमोक्रॅट उमेदवारीच्या शर्यतीतले जॉर्ज वॉलेस यांच्यावर गोळीबार
- १७ जून: वॉटरगेट इमारतीतल्या डेमोक्रॅट पक्षाच्या कचेरीत घुसखोरी
- १ जुलै: निक्सनच्या प्रचारसमितीचे प्रमुख जॉन मिचेल समितीतून बाहेर
- ३१ जुलै: डेमोक्रॅट उमेदवार मॅकगव्हर्न यांच्याबरोबर उपराष्ट्राध्यक्षपदासाठी उभे असलेले ईगलटन यांची माघार
- २१ ते २३ ऑगस्ट: मायामी बीचला रिपब्लिकन अधिवेशन
- ७ नोव्हेंबर: मतदान

पट्टी लागते, कारण निकाल आपल्याला आधीच माहीत असतो. निक्सन ५० पैकी ४९ राज्यं जिंकले. तेवढं डोक्यात ठेवून १९७१ ची टेप ऐकली, तर माणूस उगाच घाबरत होता असं वाटतं. तेव्हा तो खरंच मागे पडण्याच्या बेतात होता.

सावध: ‘पत्रकार शत्रू आहेत, प्राध्यापक शत्रू आहेत, फळ्यावर शंभर वेळा लिहा’ हे बोलणं प्रचाराच्या धुमश्चक्रीतलं म्हणून सर्रास छापलं जातं. ते १४ डिसेंबर १९७२ चं आहे, म्हणजे दणदणीत विजयानंतर पाच आठवड्यांचं, आणि समोर राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार किसिंजर आहेत. तारीख बरोबर घातली की वाक्याचा अर्थच बदलतो. हरण्याची भीती संपल्यावरही राग उतरलेला नव्हता, असा तो निघतो.

## २. लॉग वाचल्याशिवाय प्ले दाबू नका

प्रत्येक संभाषणाला दोन आकड्यांचा क्रमांक असतो. पहिला टेपचा, दुसरा त्या टेपवरच्या संभाषणाचा. ७४१-२ म्हणजे ७४१ क्रमांकाच्या टेपवरचं दुसरं संभाषण: २३ जून १९७२, ओव्हल ऑफिस, सकाळी १०.०४ ते ११.३९. लॉगमध्ये जागा, वेळ, खोलीत कोण होतं, कोण कधी आलं-गेलं आणि विषयांची यादी असते. खासगी किंवा गोपनीय म्हणून काढलेल्या भागांची नोंदही तिथेच सापडते. ती वाचली नाहीत, तर मधली उडी तुमच्या लक्षातच येणार नाही.

जागेवर बोट ठेवा, कारण आवाजाचा दर्जा जागेवर ठरतो. टेलिफोनवरची बोलणी सगळ्यात स्वच्छ. ओव्हल ऑफिसमध्ये माइक टेबलात आणि शेकोटीपाशी होते, त्यामुळे टेबलाजवळचं बोलणं बऱ्यापैकी ऐकू येतं. पण कप ठेवला की कानात घण बसतो. शेजारच्या एक्झिक्युटिव्ह ऑफिस बिल्डिंगमधलं निक्सनचं दुसरं ऑफिस म्हणजे परीक्षाच. पहिल्यांदा करत असाल तर टेलिफोनवरचं पाच-सात मिनिटांचं बोलणं घ्या. थेट ७४१-२ ला हात घालणारे तिसऱ्या दिवशी सोडून देतात.

तपासा: लॉगमधली नावं राष्ट्राध्यक्षांच्या दैनंदिनीशी जुळवा. व्हाइट हाउसमध्ये कोण किती वाजता आत गेलं याची मिनिटवार नोंद तिथे आहे. तुम्हाला ऐकू येणारा तिसरा आवाज त्या वेळी खोलीत नव्हताच, असं निघालं तर कान चुकलाय.

## ३. नावांचा तक्ता

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून इथे घाई नको. ही माणसं एकमेकांना पहिल्या नावाने संबोधतात, आणि पहिली नावं मोजकीच आहेत.

‘पॅट’ तीन आहेत. निक्सनची बायको पॅट. रोजचा बातम्यांचा गोषवारा सांभाळणारे आणि भाषणं लिहिणारे पॅट ब्यूकॅनन. आणि एफबीआयचे हंगामी संचालक पॅट ग्रे. ‘जॉन’ किमान चार: मिचेल, व्हाइट हाउसचे वकील डीन, निक्सनचे सल्लागार एर्लिकमन आणि टेक्सासचे कॉनली. ‘वॉल्टर्स’ म्हणजे सीआयएचे उपसंचालक व्हर्नन वॉल्टर्स, पण आयकर खात्याचे आयुक्तही जॉनी वॉल्टर्सच. विरोधकांच्या करतपासणीचा विषय निघाला, की हा दुसरा वॉल्टर्स येऊ शकतो.

सुरुवातीला एका उताऱ्यात मी पॅट म्हणजे ब्यूकॅनन धरले आणि त्यावर बातमीदारीबद्दल अख्खा परिच्छेद रचला. मुद्रितं हातात आल्यावर कळलं, की तिथे ग्रे आहेत आणि विषय एफबीआयचा आहे. परिच्छेद गेला, अंकात अर्धं पान रिकामं राहिलं, आणि तिथे पैठणीची जाहिरात बसली.

तक्त्याला तीन रकाने करा: टेपवर ऐकलेलं नाव, शक्य असलेल्या व्यक्ती, आणि निवड कशावरून केली. तिसरा रकाना रिकामा असेल तर नाव लेखात घालू नका, ‘पॅट’ एवढंच ठेवा.

टेपवरची कामकाजी बोलीही इथेच टिपून ठेवा. ‘नेटवर्क्स’ म्हणजे एबीसी, सीबीएस, एनबीसी या तीन टीव्ही कंपन्या. ‘गॅलप’ आणि ‘हॅरिस’ म्हणजे मतपाहण्या. ‘सरोगेट्स’ म्हणजे राष्ट्राध्यक्ष स्वतः फारसे न फिरता त्यांच्या वतीने सभा घेणारे मंत्री आणि घरची मंडळी. ‘कमिटी’ म्हणजे मिचेल यांची फेरनिवडणूक समिती. तिचं ‘क्रीप’ हे लघुरूप टीकाकारांचं. आतले लोक ‘सीआरपी’ म्हणत. हॉल्डमनच्या तोंडी ‘क्रीप’ घालणारा अनुवाद माझ्याकडून लाल शाईत परत जातो.

## ४. साधनं

कान झाकणारे हेडफोन, ‘ऑडॅसिटी’सारखं फुकट सॉफ्टवेअर, वेळ लिहायला वही. मोबाइलच्या स्पीकरवर हे काम होत नाही. आवाज मोठा करण्यापेक्षा वेग कमी केलेला बरा. पाऊणपट वेगाखाली मात्र जाऊ नका, शब्द चिखलात रुतल्यासारखे होतात.

## ५. पहिल्यांदा हात बांधून ऐका

निवडलेला तुकडा सलग ऐका, पेन न घेता. त्याच्या आधीची आणि नंतरची दहा मिनिटंही ऐका.

२३ जूनचं उदाहरण घ्या. दीड तासाच्या त्या बोलण्यात एफबीआयचा तपास थांबवण्याचा भाग काही मिनिटांचा आहे. हॉल्डमन सांगतात, की एफबीआय आवाक्यात नाही, कारण ग्रे यांना ती आवरता येत नाही आणि घुसखोरांच्या पैशाचा माग लागलाय. तर वॉल्टर्सनी ग्रे यांना फोन करून यातून लांब राहा म्हणावं. निक्सन होकार देतात. मग गाडी पुढे जाते. इटलीच्या चलनावर सट्टा चाललाय असं निघतं आणि निक्सन लिराला खड्ड्यात घालतात. त्याच दिवशीच्या बोलण्यांत, मुलींनी हेलिकॉप्टरने यावं की नको, कारण वाऱ्याने केस विस्कटतात आणि लोकांसमोर दिसणं महत्त्वाचं, हाही प्रश्न येतो.

एकट्या गाजलेल्या तुकड्यात कटाचा वास येतो. सगळं ऐकलं की दिसतं, की न्यायप्रक्रियेत अडथळा, लिरा आणि मुलींचे केस ही त्यांच्या लेखी एकाच दिवसाची कामं होती. मला तरी हे जास्त भीतीदायक वाटतं.

## ६. उतरवणं

१. एका वेळी दहा सेकंद. तीनदा ऐका, मग लिहा.

२. बोलणाऱ्याची ओळख आधी, शब्द नंतर. निक्सनचा आवाज खालचा, घुमणारा. हॉल्डमन सपाट सुरात भराभर बोलतात, जाहिरात कंपनीत वीसेक वर्षं काढलेल्या माणसाच्या आटोपशीर सवयीने.

३. ‘अं-हं’, ‘बरोबर’, ‘हो’ हे सगळं लिहा.

४. वाक्य तुटलं तर तुटलेलंच ठेवा. दोघं एकदम बोलले तर तसं नोंदवा.

५. ऐकू आलं नाही तिथे चौकटी कंसात ‘अस्पष्ट’ आणि किती सेकंद ते. अंदाज असेल तर शब्दापुढे प्रश्नचिन्ह.

६. दर मिनिटाला वेळ टाका.

आवाजावर सुरू होणाऱ्या यंत्राला जाग यायला क्षणभर लागे. त्यामुळे बऱ्याच संभाषणांचा पहिला शब्द तुटलेला असतो. तो जुळवून देऊ नका.

ओव्हल ऑफिसच्या एका मिनिटाला मला पाऊण तास लागतो. संपादकाला तारीख देताना हा हिशोब धरा.

सावध: पाचव्यांदा ऐकताना कान मनासारखं ऐकायला लागतो. तिथे उठा, चहा घ्या, दुसऱ्या दिवशी ऐका. छापील प्रत बघायची वेळ अजून आलेली नाही. एकदा ती वाचली की तेच ऐकू येतं.

## ७. आता छापील प्रतींशी ताडा

छापलेलं म्हणजे प्रमाण, असं इथे चालत नाही. ३० एप्रिल १९७४ ला व्हाइट हाउसने स्वतः संपादित केलेल्या प्रती जाहीर केल्या. प्रतिनिधिगृहाच्या न्यायविषयक समितीने त्याच टेप्स ऐकून वेगळ्या प्रती केल्या. २२ मार्च १९७३ च्या एका जागी व्हाइट हाउसच्या प्रतीत झाकाझाकीच्या भूमिकेतून ‘बाहेर पडण्यासाठी’ असं आहे. समितीच्या प्रतीत झाकाझाकीची योजना ‘पुढे नेण्यासाठी’. एकाच आवाजातून दोन उलट अर्थ, आणि एक प्रत तर ज्याच्यावर आरोप होता त्याच्याच कचेरीतून निघालेली.

म्हणून किमान दोन स्वतंत्र प्रती घ्या. व्हर्जिनिया विद्यापीठाच्या मिलर सेंटरने केलेल्या प्रती पुष्कळ काळजीपूर्वक आहेत. फरक पडेल तिथे तिन्ही वाचनं समासात लिहा: त्यांचं, दुसऱ्यांचं, तुमचं. ज्याची प्रत वापरली, त्याचं नाव लेखात द्या.

## ८. हुकूम कोणता आणि वाफ कोणती

निक्सन तोंडाने विचार करणारे गृहस्थ होते. एखाद्या वार्ताहरावर भडकतात, त्याला आत येऊ देऊ नका म्हणतात, दोन मिनिटांनी दुसऱ्या विषयावर जातात. यातला प्रत्येक उद्गार हुकूम धरला, तर व्हाइट हाउस रोज पेटलेलं दिसेल. प्रत्येक उद्गार वाफ धरला, तर २३ जूनचा गुन्हाही वाफ ठरेल.

हॉल्डमनची ‘हो, बरोबर’ ही अर्ध्या वेळा संमती नसते. साहेबांना बोलू देण्याची ती रीत असते. कुठल्याही पीएला विचारा. त्यामुळे तीन गोष्टी पाहा: निक्सन तोच मुद्दा पुन्हा काढतात का, हॉल्डमन ‘कोण, कधी, कसं’ विचारतात का, आणि हॉल्डमनच्या रोजनिशीत किंवा टिपणांत त्याची नोंद आहे का. रोजनिशी जानेवारी १९६९ पासून एप्रिल १९७३ पर्यंत जाते. तिथे निक्सनचा उल्लेख नुसत्या ‘पी’ने येतो.

२३ जूनला तिन्ही कसोट्या लागायचीही गरज पडत नाही. त्याच दिवशी वॉल्टर्सना बोलावलं गेलं आणि ते ग्रे यांना भेटले.

१५ सप्टेंबर १९७२ चं उदाहरण नाजूक आहे. निक्सन म्हणतात, ‘पोस्ट’ला यातून भयंकर अडचणी येणार आहेत, त्यांचं टीव्ही स्टेशन आहे, लायसन्स नव्याने घ्यावं लागेल. पुढे ‘वॉशिंग्टन पोस्ट’च्या मालकांच्या फ्लोरिडातल्या स्टेशनांच्या लायसन्सला खरोखर आव्हान दिलं गेलं. धमकी टेपवर आहे, आव्हान दप्तरी आहे. मधला धागा तुमच्याकडे नसेल तर दोन्ही शेजारी ठेवा, ‘म्हणून’ हा शब्द वापरू नका.

लक्षात असू द्या: टेप चालू असल्याचं निक्सनना माहीत होतं आणि हॉल्डमनलाही. येणाऱ्याजाणाऱ्यांपैकी बहुतेकांना नव्हतं. ‘बेसावध पकडले गेले’ असं या दोघांबद्दल लिहू नका.

## ९. ‘ती बातमी’ म्हणजे कोणती?

ब्यूकॅनन आणि त्यांची माणसं रोज सकाळी पेपर, वृत्तसंस्था आणि आदल्या रात्रीच्या टीव्ही बातम्यांचा गोषवारा देत. निक्सन त्याच्या समासात शेरे मारत. पेपर न वाचता पेपरवर भडकायची सोयच ती. त्यामुळे ‘ती बातमी’, ‘काल रात्रीचं ते’ असं टेपवर आलं की त्या तारखेचा गोषवारा शोधा. मूळ पेपर त्यानंतर.

हा टप्पा लोक गाळतात आणि थेट ‘वॉशिंग्टन पोस्ट’ गाठतात, वॉटरगेटचा माग काढणाऱ्या त्याच्या दोन वार्ताहरांची कथा पाठ असते म्हणून. या टेप्सवर टीव्हीची काळजी फार मोठी आहे. १९६७ मध्येच हॉल्डमननी निक्सनना टिपण लिहून बजावलं होतं, की दिवसभर सभा मारत फिरण्यापेक्षा टीव्हीवर नीट दिसणारा एक कार्यक्रम पुरे.

## १०. मराठीत आणताना

तू की तुम्ही. इंग्रजीत प्रश्नच येत नाही, मराठीत पहिल्याच ओळीत येतो. हॉल्डमनच्या तोंडी ‘तुम्ही’ यावर वाद नाही. निक्सन बॉबला, म्हणजे हॉल्डमनना, काय म्हणतील? मी ‘तू’ ठेवते. हॉल्डमन १९५६ पासून त्यांच्या प्रचारात आहेत. पण ‘अरे बॉब’ नको. ‘अरे’त जो जिव्हाळा आहे, तो या टेप्सवर कुठे ऐकू येत नाही.

पदनाम. ‘राष्ट्राध्यक्ष’. ‘राष्ट्रपती’ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे रायसीना हिल येतं.

शिव्या. १९७४ च्या प्रतींत जागोजागी ‘अपशब्द वगळला’ छापलं गेलं, आणि लोकांनी मूळ शब्दांपेक्षा भयंकर काहीतरी मनात भरलं. टेपवर शब्द ऐकू येत असेल तर त्याच वजनाचा मराठी शब्द द्या. साध्या वैतागाला आईबहिणीची शिवी चिकटवू नका. लिराच्या वाक्याला ‘लिरा गेला खड्ड्यात’ पुरतं.

वाक्प्रचार. २२ मार्च १९७३ ला निक्सन सगळ्यांना ‘स्टोनवॉल’ करा म्हणतात. ‘दगडी भिंत उभी करा’ असा अनुवाद मी तीनदा तरी खोडलाय. तोंडात मिठाची गुळणी धरा, हा त्याचा अर्थ.

तुटकी वाक्यं. हा भाग सगळ्यात कठीण. २३ जूनला, सीआयएवाल्यांना काय सांगायचं ते निक्सन हॉल्डमनना सांगतायत. घोटून छापलेलं रूप असं असतं:

> ‘त्यांच्याशी खोटं बोलू नकोस. हा चुकांचा घोळ आहे एवढंच सांग.’

टेपच्या जवळचं असं:

> ‘त्यांच्याशी खोटं, म्हणजे काही संबंधच नाही असं म्हणण्याइतपत खोटं बोलू नकोस, पण नुसतं सांग, की हा चुकांचा घोळ आहे, खोलात न शिरता, राष्ट्राध्यक्षांना वाटतं, की यातून ते बे ऑफ पिग्जचं सगळं परत उघडं होईल...’

(बे ऑफ पिग्ज म्हणजे सीआयएची १९६१ ची क्यूबावरची फसलेली स्वारी.) पहिल्यात निक्सन सत्यवचनी झाले. दुसऱ्यात ते खोट्याचं माप ठरवून देतायत. ‘म्हणण्याइतपत’ हा एक शब्द गाळला की माणूस बदलतो.

तपासा: दुसऱ्या कुणाला तरी मोठ्याने वाचून दाखवा. ऐकणारा एकदाही ‘म्हणजे?’ म्हणाला नाही, तर तुम्ही जास्त घोटलंय.

## ११. संदर्भ कसा द्यायचा

‘निक्सन टेप्समध्ये’ असं मोघम नको. जागा, क्रमांक, तारीख, वेळ आणि कुणी उतरवलं, एवढं एका ओळीत बसतं:

> ओव्हल ऑफिस, संभाषण ७४१-२, २३ जून १९७२, सकाळी १०.०४ ते ११.३९, उतारा व अनुवाद लेखकाचा, दोन छापील प्रतींशी ताडून.

संपादकाला लेखाबरोबर प्रत्येक अवतरणाची मिनिट-सेकंदांची वेळ वेगळ्या कागदावर पाठवा. शीर्षकात किंवा चौकटीत वापरायला जे वाक्य तो उचलेल, त्याच्यापुढे ‘यातला एकही शब्द गाळू नये’ असं लिहा. चौकटीत बसत नाही म्हणून पहिली कात्री ‘म्हणण्याइतपत’वरच पडते.